अंगावरचे दूध, डब्याचे दूध आणि तिन्हीसांजेचे रडे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, नाशिक मुक्कामी, एका निवृत्त शिक्षकाने दिलेले भाषण)



ह्या वर्षी महिला मंडळाने मला विषय सुचविला तो असा की, तान्ही मुले मध्येच दोन-तीन दिवस सारखी का पिऊ लागतात, आणि अंगावर पिणारे मूल व डब्याच्या दुधावर वाढणारे मूल ह्यांच्यात ह्या बाबतीत फरक काय. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त मास्तराने ह्या विषयावर बोलावे हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. परंतु एक गोष्ट मी चांगली जाणतो. आपल्या घरांतून 'दूध पुरत नाही' हा निर्णय माजघरात होतो खरा, पण डबा आणावयास दुकानात जो जातो तो बहुधा पुरुषच असतो. तेव्हा पायांत चपला घालण्यापूर्वी त्यास चार गोष्टी ठाऊक असाव्यात, एवढ्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले. पुढे जे सांगणार आहे ते ह्या विषयातील जाणत्या लोकांनी लिहिलेल्यातून समजून घेतलेले आहे. माझे त्यात काही असेल तर ते सांगण्याची पद्धत तेवढी.

प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मुलगी पहिल्या बाळंतपणास माहेरी आलेली असते. बारसे होऊन गेलेले असते, पाहुणे पांगलेले असतात, बाळ दोन-अडीच तासांनी पिऊन निजत असते, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया 'बाळ मोठे गुणी आहे हो' असे म्हणू लागलेल्या असतात. (तसे म्हणू नये, दृष्ट लागते, अशी तंबीही कोणीतरी देतेच.) आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते गुणी बाळ एके दिवशी एकाएकी पालटते. दिवेलागण होते आणि ते रडू लागते. छातीशी धरले की दहा मिनिटे पिते, त्याचा डोळा लागतो, खाली ठेवताच जागे होते, पुन्हा पिते. अर्ध्या तासाने पुन्हा तोंड शोधू लागते. सहापासून दहापर्यंत आईची मांडी मोकळी होत नाही. स्तन हातास मऊ आणि रिते लागतात. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, ओव्याचा शेक झाला, हिंगाचे पाणी बेंबीभोवती लावून झाले. बाळ आपले रडतेच आहे. मग कोणीतरी ते वाक्य उच्चारते : 'तिच्या अंगावर दूधच नाही ग.'

हे वाक्य उच्चारणारीच्या मनात वाईट काहीच नसते. मायेपोटीच ती बोलते. परंतु ज्या मुलीविषयी ते बोलले जाते तिचे टाके अजून ओले असतात, तीन आठवडे तिला सलग झोप मिळालेली नसते, आणि ह्या नव्या विद्येत आपण पास की नापास हे तिचे तिलाच उमगलेले नसते. अशा वेळी घरातील जाणत्या बाईने दिलेला हा निकाल ती मुकाट्याने मान्य करते. दुसऱ्या दिवशी डबा येतो.

आता त्या संध्याकाळी घडले काय ते पाहू. ह्या लागोपाठ पिण्यास इंग्रजी वैद्यकात 'क्लस्टर फीडिंग' असे म्हणतात. क्लस्टर म्हणजे घोस किंवा घड. द्राक्षांच्या ह्या जिल्ह्यात तो शब्द निराळा समजावून सांगावयास नको. द्राक्षे वेलावर अंतराअंतराने एकेक अशी लागत नाहीत, घडाने लागतात. तद्वत् ह्या दिवसांत बाळाचे पिणे दिवसभर सारख्या अंतराने विखुरलेले नसते, काही तासांत दाटीवाटीने एकवटलेले असते, आणि ते तास बहुधा संध्याकाळचे असतात. त्याची दोन-तीन कारणे दिली जातात. सकाळच्या मानाने संध्याकाळी एका वेळेस मिळणारे दूध सामान्यतः थोडे असते, मात्र त्यात स्निग्धांश अधिक असतो. कारण स्तन जितका भरलेला तितके दूध पातळ आणि जितका रिता तितके ते दाट, असा निसर्गाचा क्रम आहे. म्हणजे हातास मऊ लागणाऱ्या त्या स्तनांत दूध नाही असे नसून, असते ते थोडे आणि साईचे असते. बाळ ते थोडेथोडे करून घेते. दुसरे असे की, दिवसभराच्या गलबल्याने थकलेले मूल आईच्या अंगाचा आधार शोधते, आणि त्याच्या दृष्टीने पिणे व आधार ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यासाठी विहिरीचा दृष्टांत घ्यावा लागेल.

पुष्कळांची समजूत अशी असते की आईचे दूध हे टाकीतील पाण्यासारखे आहे. टाकी रिकामी झाली की पाणी संपले, पुन्हा भरेपर्यंत वाट पाहावी. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. दूध हे विहिरीसारखे आहे. आपल्यापैकी ज्यांची शेती निफाड-दिंडोरीकडे आहे त्यांस ठाऊक आहे की उपसा थांबला की झरे बुजतात, आणि उपसा वाढला की पाझर मोकळा होतो. प्रसूतीनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरते ते शरीरातील संप्रेरकांच्या पालटामुळे. तेथे बाळाचे कर्तृत्व बेताचे. परंतु पुढे दूध किती व्हावे हे मुख्यतः किती काढले जाते ह्यावर ठरते. स्तनात दूध साचून राहिले तर ते तयार होण्याचा वेग मंदावतो. स्तन रिकामा झाला तर वेग वाढतो. ही व्यवस्था प्रत्येक स्तनापुरती स्वतंत्र चालते. एकाच बाजूस पाजले तर तेवढीच बाजू भरघोस वाहते. तेव्हा वाढते बाळ दोन दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने पिते, त्या वेळी ते तक्रार करीत नसते. पुढील आठवड्यात लागणाऱ्या दुधाची मागणी ते नोंदवीत असते. मागणी नोंदली की एकदोन दिवसांत पुरवठा तिच्या बरोबरीस येतो, आणि बाळ पुन्हा गुणी होते.

मूल असे मध्येच का हपापते, ह्याविषयी एक उद्बोधक संशोधन आहे. शिक्षकाच्या नोकरीत आम्ही दरवर्षी पाहत असू की, दिवाळीच्या सुटीपूर्वी ज्या मुलाची विजार घोट्यापर्यंत येत होती त्याची ती सुटीनंतर एकदम वीतभर वर गेलेली असे. आम्ही म्हणत असू, 'सुटीत फार खाल्लेस वाटते.' अमेरिकेतील संशोधक मिशेल लॅम्पल ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ लहान मुलांची लांबी वारंवार, काहींची तर रोजच्या रोज, मोजली आणि १९९२ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांस असे आढळले की मूल रोज केसभर असे वाढत नाही. २ दिवसांपासून ६३ दिवसांपर्यंत ते मुळीच वाढत नाही, आणि मग एखाद्या दिवसात अर्ध्यापासून अडीच सेंटिमीटरांपर्यंत एकदम वाढते. २०११ साली ह्याच विदुषीने मायकेल जॉन्सन ह्या सहकाऱ्यासह असेही दाखविले की अशा झपाट्याच्या आगेमागे तान्ही मुले नेहमीपेक्षा अधिक झोपतात. म्हणजे काल दिवसभर पेंगणारे आणि आज दिवसभर पिणारे मूल आजारी असेलच असे नाही. त्याचे लांब होण्याचे काम चालले असणे शक्य आहे. ह्यासच वाढीचा झपाटा म्हणावयाचे. इंग्रजीत 'ग्रोथ स्पर्ट.'

हे झपाटे तिसऱ्या आठवड्यास, सहाव्या आठवड्यास, तिसऱ्या व सहाव्या महिन्यास येतात असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ठोकळमानाने ते ध्यानात ठेवण्यास हरकत नाही. परंतु वर सांगितलेल्या मोजमापांत प्रत्येक मुलाची गत वेगळी आणि अनियमित दिसली. तेव्हा ह्या तारखा पंचांगातील तिथींसारख्या धरून बसू नये. एकादशी चुकत नाही. बाळाचा झपाटा मात्र चार दिवस अलीकडे-पलीकडे खुशाल होतो.

येथे मला माझ्याच व्यवसायाविरुद्ध थोडे बोलणे भाग आहे. वेळापत्रक हा शिक्षकाचा जीव की प्राण. तास संपला की घंटा, घंटा झाली की दुसरा तास. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडमधील डॉक्टर ट्रूबी किंग ह्यांनी हीच घंटा पाळण्यास बांधली. बाळास चार तासांनीच पाजावे, रात्री पाजू नये, मध्ये रडले तर रडू द्यावे, अशी त्यांची शिकवण होती, आणि इंग्रजी अंमलाखालील देशांत ती फार पसरली. शिस्तीचे हे वेड अजून कोठे कोठे शिल्लक आहे. 'आताच तर पाजलेस, लगेच कशी भूक लागेल?' हा प्रश्न त्या चारतासी शिकवणुकीचाच नातू होय.

वस्तुस्थिती काय आहे ती पाहा. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांनी केवळ अंगावर पिणाऱ्या, १ ते ६ महिने वयाच्या, ७१ निरोगी बाळांचे चोवीस तासांतील पिणे मोजले. तो निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. चोवीस तासांत कोणी ६ वेळा प्याले तर कोणी १८ वेळा. सरासरी ११ वेळा. दूध म्हणाल तर सरासरी पाऊण लिटरहून थोडे अधिक. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, पहिल्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत हे एकूण दूध फारसे वाढले नाही. मूल मोठे होते, पण त्याच्या वाढीचा वेग मंदावत जातो. म्हणून तेवढेच दूध पुरते. हे ज्यास ठाऊक नाही तो चौथ्या महिन्यात म्हणतो, 'महिन्याचे होते तेव्हाही एवढेच पीत होते, आताही एवढेच, म्हणजे खचित कमी पडत असेल.'

परदेशच्या प्रयोगशाळेपर्यंत जावयास नको. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांवर मजुरीस येणाऱ्या स्त्रिया आपण दरवर्षी पाहतो. बांधावरील झाडास झोळी बांधलेली असते. मूल हुंदडले की आई येते, पाजते, पुन्हा कामास लागते. हे दिवसातून किती वेळा होते ह्याचा हिशेब तिच्यापाशी नसतो आणि तो कोणी तिला विचारीतही नाही. तिचे कष्ट मोठे आहेत, त्यांचे कौतुक करण्यासारखे काही नाही. पण आपल्या इंदिरानगर-गंगापूर रोडवरील घरांतून घड्याळाकडे पाहून जी धास्ती उत्पन्न होते तेवढी एक तिच्या वाट्यास आलेली नाही.

आता डब्याच्या दुधावरील मुलांकडे वळू. त्यांस वाढीचे झपाटे येत नाहीत काय? अवश्य येतात. हाडे कोणत्या दुधाने वाढतात हे हाडांस ठाऊक नसते. तीही मुले मध्येच दोन-चार दिवस अधिक मागतात, बाटली संपवून तोंड वाजवीत राहतात. परंतु त्यांचे मागणे असे घडाघडाने दिसून येत नाही, ह्याची कारणे साधी आहेत. डब्याचे दूध बहुधा गाईच्या दुधापासून केलेले असते. ते पोटात अधिक वेळ रेंगाळते, तर आईचे दूध हलके असल्याने लवकर पुढे सरकते. म्हणून डब्यावरचे मूल एका वेळी अधिक पिते व अधिक वेळ निजते. शिवाय बाटलीतून दूध संध्याकाळी आणि सकाळी सारख्याच वेगाने येते. बाळास ते मिळविण्यासाठी खटपट करावी लागत नाही, आणि पोट भरल्याची खूण उमटण्यापूर्वीच बाटली संपलेली असते. त्यातून 'एवढेसेच राहिले आहे, टाकू नको,' म्हणून उरलेले पाजण्याचा मोह आईस, आणि त्याहून आजीस, आवरत नाही. अशा रीतीने ही मुले सरासरीने अधिक दूध घेतात. बाकी एक भेद मुळातलाच आहे. डब्यावरील मुलाने अधिक मागितले तर एक माप वाढविले की काम झाले. त्याच्या मागण्याने पुढचे दूध घडत नाही. विहीर बाळाने उपसावी लागते. डबा बापाने आणला की भागते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर माझे भाषण एकांगी होईल. संध्याकाळचे सगळेच रडे भुकेचे नसते. टी. बेरी ब्रेझल्टन ह्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी ८० निरोगी बाळांच्या रडण्याची टिपणे त्यांच्या मातांकडून ठेवविली व १९६२ साली प्रसिद्ध केली. दुसऱ्या आठवड्यास रोजचे रडे सुमारे पावणेदोन तास, सहाव्या आठवड्यास सुमारे पावणेतीन तास, आणि त्यापुढे ते उतरत गेले, जोर संध्याकाळी. नंतरच्या निरीक्षणांतही असाच चढउतार दिसला, आणि तो अंगावरच्या मुलांत आहे तसाच बाटलीच्या मुलांतही आहे. म्हणजे डबा आणून तिन्हीसांजेचे रडे कायमचे थांबेल ही अपेक्षाच मुळात खोटी आहे. थांबते ते काळाने. योगायोग असा की, डबा सहाव्या आठवड्यास येतो आणि रडे आठव्या-नवव्यास उतरू लागते; श्रेय डब्यास मिळते.

आणि सहावा आठवडा म्हणजे आपल्याकडचा सव्वा महिना! बाळंतिणीची न्हाणी संपते, शेकशेगडी थांबते, आणि पुष्कळ घरांतून मुलगी ह्याच सुमारास, किंवा तिसऱ्या महिन्यास, बाळासह सासरी जाते. म्हणजे मूल ज्या दिवसांत सर्वांत अधिक रडते, त्याच दिवसांत त्याच्या आईचे घर, अंथरूण, जेवण आणि आसपासची माणसे बदलतात. आपल्या जुन्या रीतीत चीक टाकून देण्यासारख्या आणि तान्ह्यास मध चाटविण्यासारख्या वाईट गोष्टी होत्या. चीक हे बाळाचे पहिले संरक्षण होय, आणि मध एक वर्षापर्यंत देऊ नये असे डॉक्टर आज निक्षून सांगतात. पण सव्वा महिना बाळंतिणीने चुलीपाशी जाऊ नये, हा नियम ज्याने घालून दिला त्यास माझा नमस्कार आहे. तिला पाजण्यावाचून दुसरे काम नसावे हा त्याचा अर्थ. आता मात्र सव्वा महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ती पोळ्या लाटताना दिसते, आणि बाळ लागोपाठ पिऊ लागले की त्यात स्वयंपाकाचा खोळंबा होतो. दूध आटत नाही. बसावयास वेळ आटतो.

एका परिचित कुटुंबात दोन वर्षांपूर्वी नेमके असेच घडले. मुलगी सासरी आली, पाचव्या दिवशी संध्याकाळी बाळाने आकांत मांडला, आणि रात्री नऊ वाजता डबा आला. बाळ भरपेट पिऊन चार तास निजले. घरात समाधान पसरले. परंतु त्या चार तासांत आईचे स्तन तटून राहिले आणि निर्मितीस लगाम बसला. दुसऱ्या संध्याकाळी दूध आणखी थोडे. म्हणून बाटली दोनदा. आठ दिवसांत चार बाटल्या झाल्या, आणि बाळ छातीशी धरताच तोंड फिरवू लागले; कारण बाटलीत फुकट मिळते ते येथे कष्टाने घ्यावे लागे. तीन आठवड्यांनी 'तिच्या अंगावर दूधच नाही' हे वाक्य अक्षरशः खरे ठरले. पहिल्या संध्याकाळी ते खरे नव्हते. सुदैवाने त्या मुलीस एक समजूतदार बालरोगतज्ज्ञ भेटल्या. त्यांनी बाटली एकदम तोडली नाही. आधी अंगावर पाजावयाचे, दोन्ही बाजूंस. उरलेली गरज वाटी-चमच्याने. आणि बाळाचे वजन पाहत डब्याचे माप हळूहळू उतरवावयाचे. रात्रीचे पाजणे चुकवावयाचे नाही. सासूबाईंनी स्वयंपाक आपल्याकडे घेतला, हा औषधोपचारातील सर्वांत मोठा भाग. सुमारे अडीच आठवड्यांत डबा बंद झाला.

दुसऱ्या एका घरी ह्याच्या उलट झाले. तेथे सर्वांनी 'आईचेच दूध' असा निश्चय केला होता, आणि बाळ सारखे पीत होते, सारखे रडत होते, म्हणून 'वाढीचा झपाटा आहे' असे मनाचे समाधान करीत महिना गेला. वजन केले तेव्हा ते जन्माच्या वजनाहून जेमतेम पावशेर अधिक भरले. स्तन तोंडात धरण्याची बाळाची पद्धत चुकत होती; पिण्याचे श्रम होत, दूध मात्र फारसे येत नसे. म्हणून मी सांगतो की, झपाटा दोन-तीन दिवसांचा असतो, फार तर आठवड्याचा. महिनाभर चालणाऱ्या झपाट्यास दुसरे नाव असते, आणि ते डॉक्टरांस विचारावे लागते.

दोन्ही घरी निकाल द्यावयास हवा होता तो काट्याने आणि लंगोट्यांनी. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा बाळाने स्वच्छ, फिकट लघवी केली तर दूध पोटात जात आहे. जन्मानंतर वजन थोडे घटते ते दोन आठवड्यांच्या आत भरून यावे. पुढे तीन महिन्यांपर्यंत आठवड्यास साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढ व्हावी. पाच महिन्यांच्या सुमारास जन्मवजनाची दुप्पट. एवढे जुळत असेल तर संध्याकाळच्या रड्यावरून दुधाची परीक्षा करू नये. बाळ सुस्त पडले, पिण्यासाठी जागेच होईना, लघवी कमी झाली, ताप आला किंवा कावीळ वाढली तर मात्र भाषणातील सर्व गोष्टी विसरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वजनाच्या तक्त्याविषयीही एक ऐतिहासिक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जगभर पुष्कळ वर्षे जे तक्ते वापरले जात, ते १९७७ साली अमेरिकेत तयार झालेले होते. त्यांतील तान्ह्या मुलांची मापे ओहायो राज्यातील एका पाहणीतून घेतलेली होती, आणि ती मुले बहुतांशी बाटलीवर वाढलेली होती. अंगावरचे मूल पहिले दोन-तीन महिने चांगले भरते आणि मग डब्यावरील मुलाच्या मानाने वजनात थोडे सावकाश जाते; हा त्याचा स्वभावच होय. त्या तक्त्यावर ते घसरल्यासारखे दिसे, आणि डॉक्टरही वरचे दूध सुचवीत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ ह्या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या सहा देशांत सुमारे ८,५०० मुलांची पाहणी केली. आपल्या देशातील मुले दिल्लीची होती. अंगावर वाढणारे मूल हेच प्रमाण धरून नवे तक्ते २००६ साली प्रसिद्ध झाले. आज अंगणवाडीत दिसतात ते ह्यांवरूनच केलेले. म्हणजे कित्येक वर्षे परीक्षेची उत्तरपत्रिकाच दुसऱ्या विषयाची होती, आणि मुले नापास होत होती!

डब्यास मी विष म्हणत नाही. कोणा आईस तशीच औषधे घ्यावी लागतात, कोणी फार आजारी असते, कोणास खरोखरच दूध थोडे येते, कोणी मूल दत्तक घेतलेले असते. अशा आईस ह्या सभागृहातील कोणीही एका शब्दाने दुखवू नये. तिने डबा वापरावा तो मात्र नेमाने. डब्यातील मापच घ्यावे, ते सपाट करावे, आणि डब्यावर लिहिले असेल तितकेच पाणी घालावे. डबा महाग म्हणून पावडर कमी व पाणी अधिक घालणे म्हणजे बाळास उपाशी ठेवणे होय. पावडर जंतुरहित नसते. म्हणून पाणी उकळून, फार निवू न देता, किमान ७० अंश उष्ण असताना त्यात ती मिसळावी, आणि मग दूध कोमट करून पाजावे. उरलेले ठेवू नये. बाटली उकळण्याची सोय नसेल तर वाटी-चमचा बरा. आपले जुने बोंडले हे त्याचेच भावंड, पण त्याची चोच आतून घासता येत नाही.

ह्या कामी महाराष्ट्र मागे नाही, हे आपणांस अभिमानाने सांगता येईल. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली. ज्या अशक्त बाळांच्या मातांस दूध येत नाही त्यांस तेथे दुसऱ्या मातांनी दिलेले दूध मिळते. स्तनपानाचा पुरस्कार करणारी देशव्यापी संस्था १९९१ साली वर्ध्यास स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९९२ साली, संसदेने कायदा केला व २००३ साली तो अधिक कडक केला. त्यान्वये बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करता येत नाही, मातांस फुकट नमुने वाटता येत नाहीत, आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्रही छापता येत नाही. प्रसूतीची रजा २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. सातपूर-अंबडला नोकरी करणाऱ्या आपल्या मुली-सुनांनी आपल्या कचेरीत ह्याची चौकशी अवश्य करावी. सरकारी पाहणीप्रमाणे पहिले सहा महिने केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या मुलांचे प्रमाण देशात २०१५-१६ साली सुमारे ५५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे ६४ टक्के झाले. कायदा डब्याची जाहिरात थांबवू शकतो. माजघरातील ते एक वाक्य थांबविणे कोणत्याही संसदेच्या हाती नाही.

म्हणून संस्थेपुढे मी एक लहानशी सूचना ठेवतो. आपले महिला मंडळ बाळंतविडा घेऊन बाळंतिणीस भेटावयास जाते ते बारशाच्या सुमारास. त्या वेळी घर भरलेले असते आणि बाळही गुणी असते. ही भेट तिसऱ्या आठवड्यात व्हावी, आणि दुसरी मुलगी सासरी पोचल्यावर आठवड्याच्या आत व्हावी. तीही संध्याकाळी, सहा ते आठच्या दरम्यान. भेटीस जाणाऱ्या भगिनींनी लाडवांबरोबर पोळीभाजीचा डबा नेला तर अधिक उत्तम. दुसरे, संस्थेने तान्ह्या मुलांचे वजन करण्याचा एक चांगला काटा घ्यावा व तो कार्यालयात ठेवावा. ज्यास हवा त्याने नेऊन आठ दिवसांत परत आणून द्यावा. काट्याच्या खर्चापैकी पहिली रक्कम मी आज कोषाध्यक्षांकडे दिली आहे. उरलेल्यासाठी त्यांनी पावतीपुस्तक दाराशी ठेवले आहे. ज्या घरी येत्या तीन महिन्यांत बाळंतपण आहे त्यांनी आपली नावे महिला मंडळाच्या कार्यवाह भगिनींकडे द्यावीत, माहेरचा पत्ता आणि सासरचा पत्ता, दोन्ही.

पुढील कार्यक्रम विद्यार्थ्यांच्या बक्षीस-समारंभाचा आहे, आणि मघापासून मुले खोळंबली आहेत. तेव्हा आपली रजा घेतो.